गाझियाबादच्या गेटवरची हजेरी

तिला केबिनमध्ये बसवून ठेवायला तुम्हाला सांगितलं कोणी? कोणत्या कोर्टानं? कोणत्या फौजदारानं? अंगात निळा शर्ट आणि गळ्यात शिट्टी आली की माणूस सरकार होतो का? चोरी झाली की नाही याचाच पत्ता नाही आणि चोर आधीच सापडलेला! आमच्या माहेरी दोन पिढ्या पोलीस पाटीलकी होती. चोऱ्या काय मी कमी ऐकल्यात? पण असला तपास जन्मात पाहिला नाही.

थांबा, आधी प्रवासाचं लिहिते. भिशीच्या बायका सारख्या फोन करतायत, "दिल्लीचं ब्लॉगवर कधी टाकतेस, दिवाळीनंतर आम्हालाही जायचंय." माझी शाळा सातवीत सुटली. शुद्धलेखन भाची प्रज्ञा बघते, तेवढंच. मजकुराला तिनं हात लावायचा नाही असं ठरलंय. हंपीचं लिहिलं होतं तेव्हा तिनं माझ्या शिव्या काढल्या होत्या, मग त्यात राहिलं काय!

तर जायचं कारण गौरी. माझी मुलगी स्वाती आणि जावई निखिलराव गाझियाबादला राहतात, दोघंही कॉम्प्युटरच्या कंपनीत. स्वातीच्या सासूबाई वारल्या आणि त्यांच्या घरच्या गौरींचे पितळी मुखवटे तिच्या वाट्याला आले. ते ठेवले होते नगरला तिच्या दिरांकडे. फोनवर रडकुंडीला आली पोरगी, "आई, मला साडीसुद्धा नेसवता येत नाही गं त्यांना. तू मुखवटे घेऊन ये."

म्हणून नगरहून निजामुद्दीनच्या गाडीत बसले. एका हातात दशम्या-चटणीची पिशवी, मांडीवर दोन बाया. पंचा गुंडाळून ठेवल्या होत्या, पण इटारसीला पंचा सरकला आणि समोरच्या बर्थवरची आजी हात जोडून म्हणाली, "माताजी कहाँ जा रही हैं?" म्हणलं, "बेटी के घर. पहली बार दिल्ली जा रही हैं, मेरे जैसी." झालं, पुढे मथुरेपर्यंत डब्यातल्या बायका दर्शनाला येत राहिल्या. कोणी पेढा ठेवला, कोणी केळं. तुम्ही जाणार असाल तर खालचा बर्थ आधीपासून धरा, गाडीतल्या भाजीच्या नादी लागू नका, आणि आग्र्याला खिडकीतून पेठा घेऊ नका, तो वरूनच कोरडा असतो.

निजामुद्दीनला उतरल्यावर प्रीपेडच्या खिडकीवरच रिक्षाची पावती करा. रांग लांब असली तरी करा. बाहेरचे तोंड बघून भाव सांगतात आणि आपलं तोंड त्यांना लगेच कळतं. यमुना ओलांडली की दिल्ली संपते असं मला वाटलं होतं. छे! तिथून तर उंच उंच बिल्डिंगांचं रान सुरू होतं. अर्ध्या राहायला तयार, अर्ध्या नुसते खांब, मध्येच एखादा मॉल काचेच्या कपाटासारखा उभा. रिक्षावाला म्हणाला, "माताजी, यहाँ सब गन्ना था. मेरे चाचा का भी." म्हणलं, "मग चाचा काय करतो आता?" तर म्हणे गाडी घेतली, बंगला बांधला आणि दिवसभर बसून असतो.

स्वातीच्या सोसायटीला दोन गेट. एक मोठं, मोटारींचं. बाजूला एक छोटं, तिथे कामवाल्या बायकांची रांग. प्रत्येकीच्या गळ्यात फोटोचं कार्ड. आत जाताना कार्ड दाखवायचं, बाहेर येताना पिशवी उघडायची. एकीला तर डब्याचं झाकण काढायला लावलं, आत दोन उरलेल्या पोळ्या. आणि माझ्याकडे पिशवीत पितळेच्या दोन मुंडक्या, मला कोणी विचारलंसुद्धा नाही! मीच वॉचमनला म्हणलं, "अरे देखो ना, अंदर दो मुंडी है." त्यानं सलाम ठोकला आणि दांडा वर केला. ती रांग बघत मी उभी राहिले. कुठेतरी बघितलंय हे, असं वाटलं. कुठे ते आठवेना.

स्वातीकडे काम करायला सरोज येते. उत्तर प्रदेशातल्या बांद्याकडची, माझ्या स्वातीपेक्षा थोडी मोठी. हात असा चालतो की बघत राहावं. गौरी बसवायला तिनंच मदत केली, कारण माझी लेक लॅपटॉपवर मीटिंग करत होती, तीही दार लावून. कोठ्या मिळाल्या नाहीत, म्हणून उंच प्लॅस्टिकचे दोन डबे घेतले. एकात गहू भरले, एकात तांदूळ. धान्यात मुखवटा खोचून बसवायचा, म्हणजे गौरी भरल्या पोटाची होते. सरोज म्हणाली, "आंटी, ये दोनों बहनें हैं?"

"हाँ. ज्येष्ठा आणि कनिष्ठा. मायके आती हैं."

"कितने दिन?"

"तीन दिन."

"तीन दिन!" ती हसली. "हमको तो कोई तीन दिन की छुट्टी नहीं देता."

स्वातीनं आपली ठुशी काढून ज्येष्ठेच्या गळ्यात बांधली. ती ठुशी मी तिच्या लग्नात घातलेली, माझ्या आईची. सोसायटीतले सगळे येऊन गेले, पंजाबी, बंगाली, आपली पुण्या-मुंबईची तीन-चार कुटुंबं. कमिटीचे सेक्रेटरीही आले, मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले गृहस्थ, आवाज मऊ. पुरणपोळी दोनदा मागून घेतली. मला म्हणाले, "आंटीजी, हमारी सोसायटी में सिक्योरिटी एकदम टाइट है, आप दरवाज़ा खुला रखकर सो जाइए." मी म्हणलं, वा.

विसर्जनाच्या संध्याकाळी अक्षता टाकून मुखवटे जरा हलवले, दोरे घेतले. दुसऱ्या दिवशी मला प्रज्ञाबरोबर दिल्ली बघायची होती. स्वातीला बजावलं, "मी येईपर्यंत गौरी उतरवू नकोस. त्याला पद्धत असते. आधी दागिने, मग साडी, शेवटी मुखवटा." "हो गं आई," म्हणाली. लेकीचं "हो गं आई" किती दिवस टिकतं ते तुम्हाला माहीत आहेच.

प्रज्ञा ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. कलेक्टर व्हायचं म्हणून दिल्लीत खोली घेऊन अभ्यास करते. तिच्याबरोबर दिल्ली बघणं म्हणजे चालती परीक्षा. मेट्रोनं चांदनी चौकात गेलो. मेट्रो झकास, बायकांचा वेगळा डबा असतो, पुढच्या टोकाला थांबा. जिलबी खाल्ली, गरम, जाड, आपल्यापेक्षा कमी गोड. चौकात गुरुद्वाराच्या शेजारी प्रज्ञानं मला उभं केलं. "मावशी, इथे कोतवाली होती. बादशहाच्या वेळी शहराचा कोतवाल इथे बसायचा."

"म्हणजे फौजदार?"

"फौजदार, बाजाराची वजनं बघणारा, रात्रीचा पहारा लावणारा, सगळंच. आणि चोरीचा माल सापडला नाही तर म्हणे त्यानं भरून द्यायचा."

मी तिथेच थांबले. हे तर आमच्याकडेही होतं! आजोबा सांगायचे. पूर्वी गावात राखणदार असायचा. चोरी झाली की त्यानं पायाचा माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेत गेला तर ते गाव जबाबदार. नाही गेला तर हा जबाबदार. राखणीचा दाणा खातोस ना? मग जबाब दे.

"मग हे बदललं कधी?" मी विचारलं.

"इंग्रजांनी बदललं. सत्तावनचा उठाव झाला, त्यानंतर त्यांनी पोलिसांचा कायदा केला. अजून मूळ तोच चालू आहे बऱ्याच ठिकाणी. तोवर राखणदार गावाला जबाबदार होता. त्यानंतर पोलीस सरकारला जबाबदार झाला. लोकांची राखण करण्यापेक्षा लोकांवरच नजर ठेवायची, असं."

"आणि गुन्ह्याचा कायदा?"

"तोही त्याच सुमारास. पण मावशी, त्यातली एक गोष्ट चांगली आहे. आरोप करतो त्यानं सिद्ध करायचं. ज्याच्यावर आरोप आहे त्यानं आपण निर्दोष आहोत हे दाखवत बसायचं नाही."

"मग काय वाईट त्यात?"

"वाईट वेगळं आहे. त्याच लोकांनी थोड्या वर्षांनी दुसरा कायदा केला. काही जातीच्या जाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. मूल जन्मलं की गुन्हेगार. गाव सोडायचं नाही, पोलीस पाटलापुढे रोज हजेरी द्यायची."

माझ्या हातात जिलबीचा द्रोण होता, तो तसाच राहिला. आठवलं मला! चावडीपुढची रांग. मी काही बघितलेली नाही, माझ्या जन्माआधीच तो कायदा गेला. पण आजी सांगायची. गावाबाहेर पारध्यांची पालं होती. दिवेलागणीला त्यांनी चावडीवर यायचं, आजोबा नावं पुकारायचे. "तुझ्या आजोबांचा काय दरारा होता," असं आजी कौतुकानं सांगायची. एकदा एक बाई बाळंत होऊन तिसऱ्या दिवशी, पोर पदराखाली घेऊन, हजेरीला उभी राहिली होती. आजी म्हणायची, त्या दिवशी तरी मी हिला गूळ दिला. हे आम्ही लहानपणी गोष्ट म्हणून ऐकलं. हिनं काय केलं होतं, असं कोणी विचारलंच नाही. मीसुद्धा.

दुपारी जेवायला प्रज्ञानं मला कस्तुरबा गांधी मार्गावर नेलं. तिथे आपल्या राज्याचं सदन आहे, कॅन्टीनमध्ये आपलं जेवण मिळतं. दिल्लीत चार दिवसांनी भाकरी खायची तर हीच जागा, पण लवकर जा. तिथे प्रज्ञासारखी परीक्षेवाली गावाकडची मुलं भेटली, बीडची, धुळ्याची. ठेचा बघून त्यांचे डोळे पाणावले होते, तिखटानं नव्हे. मला मात्र घास गोड लागेना.

परत गाझियाबादला आलो तेव्हा ऊन उतरलं नव्हतं. मोठ्या गेटशी प्रज्ञानं माझा दंड धरला. "मावशी, ती तुमची सरोज ना?"

वॉचमनच्या केबिनमध्ये, पत्र्याच्या त्या खोक्यात, सरोज खाली जमिनीवर बसली होती. केस सुटलेले. पिशवीतलं सगळं बाहेर पसरलेलं, डबा, कंगवा, पोराचं औषध. दाराला बाहेरून कडी. मी कडी काढायला गेले तर सुपरवायझर आडवा आला.

"आंटीजी, आपके ही घर का मामला है. सोने का हार गया है."

आपल्या घरचा मामला! मी म्हणलं, "किसने बोला चोरी किया?"

"मैडम ने इंटरकॉम किया था."

मैडम म्हणजे माझी स्वाती.

तेवढ्यात सेक्रेटरी आले, तेच, पुरणपोळीवाले. आवाज तसाच मऊ. "आंटीजी, टेंशन मत लीजिए. थोड़ी देर बैठेगी तो ख़ुद बोल देगी. ये लोग ऐसे ही बोलते हैं."

प्रज्ञा पुढे झाली. "सर, इनको किस अधिकार से रोका है? चोरी करते हुए किसी ने देखा? देखा होता तो भी तुरंत पुलिस को सौंपना पड़ता. कमरे में बंद करना अपने आप में जुर्म है."

"बेटा, आप क्या करती हैं?"

"यूपीएससी की तैयारी."

"अच्छा," ते हसले. "तो पास हो जाइए, फिर बात करते हैं."

मला राग आवरेना. म्हणलं, "पुलिस को बुलाओ! अभी बुलाओ! पंचनामा करो, लिखो!" आमच्याकडे पोलीस पाटीलसुद्धा कोणाला कोंडत नाही, ठाण्यात वर्दी देतो, मला तेच माहीत. मला वाटलं आता सरोजला आधार वाटेल.

सरोजनं आतून हात जोडले. "आंटी, पुलिस नहीं. पैर पड़ती हूँ. यहीं बैठी रहूँगी, रात तक बैठी रहूँगी. पुलिस मत बुलाना."

चोरी न केलेली बाई पत्र्याच्या खोक्यात बसायला तयार, पण कायद्याच्या दारात जायला तयार नाही! आमच्या दोन पिढ्यांच्या पाटीलकीला त्या क्षणी कोणीतरी थोबाडीत मारली असं वाटलं.

प्रज्ञाला म्हणलं, "तू हिच्यापाशी बस, आत बस. दार उघडं ठेव. कोणी कडी घातली तर मलाही कोंडलं म्हणून ओरड." आणि मी वर गेले.

वर स्वाती सोफ्यावर, डोळे लाल. निखिलराव फोनवर. हॉल लख्ख, गौरींचा पत्ता नाही. "तू गौरी उतरवल्यास?"

"आई, उद्या माझ्या टीमचे लोक येणार होते, हॉल आवरायचा होता. सरोज झाडत होती, मी उतरवत होते. नंतर बघते तर ठुशी नाही. घरात आम्ही दोघीच होतो! मी फक्त गेटवर सांगितलं की जाताना जरा बघा."

"फक्त? फक्त बघा? जाऊन बघ खाली त्यांनी काय बघितलं."

"आई, आजीची ठुशी होती गं ती!"

"मला सांगतेस? कशी उतरवलीस ते दाखव."

"म्हणजे?"

"करून दाखव. मुखवटा घे आणि हो उभी."

ती वैतागून उठली. मुखवटा हातात घेतला, डब्याच्या तोंडावर धरला. "हे असं. आधी मुखवटा उचलला, तो जड होता, मग असा तिरका करून..." आणि हात तिथेच थांबला. मुखवट्याच्या गळ्याशी बोटं. गळा खाली निमुळता. ठुशीचा गोंडा तिनं सोडलाच नव्हता. तिनं माझ्याकडे बघितलं, मग डब्याकडे. तांदळात कोपरापर्यंत हात घातला. हात बाहेर आला तेव्हा बोटांत ठुशी होती, मण्यांत तांदळाचे दाणे अडकलेले. मुखवटा निघाला तशी ती घसरून खाली गेली होती आणि वरून तांदूळ ढासळले होते.

आधी दागिने, मग साडी, शेवटी मुखवटा. एवढंच सांगितलं होतं.

मला वाटलं, आता ही धावत खाली जाईल. ती मटकन खाली बसली आणि म्हणाली, "आता काय सांगू सगळ्यांना?" निखिलरावांनी इंटरकॉम उचलला, इंग्रजीत दोन वाक्यं बोलले, ठेवला. "झालं. सोडायला सांगितलंय."

झालं! मी ठुशी मुठीत घेऊन खाली गेले. कडी निघाली होती. सरोज पिशवी भरत होती. मी मूठ उघडून दाखवली, म्हणलं, "हमारे घर में थी. चावल में. तू ने कुछ नहीं किया." तिनं बघितलं, मान हलवली. "मिल गया ना आंटी? बस." रडली नाही, भांडली नाही. मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून गळ्याशी नेला, कार्ड चाचपलं, कार्ड नव्हतं.

"कार्ड?" मी सुपरवायझरला विचारलं.

"कार्ड जमा हो गया. शिकायत आई तो जमा होता है. अब कमेटी देखेगी."

"शिकायत झूठी थी!"

"वो कमेटी देखेगी."

आणि नोटीस बोर्डावर तिचा फोटो. लावून झालासुद्धा होता, खाली लिहिलेलं, हिला कामावर ठेवण्यापूर्वी विचार करा. सरोज या सोसायटीत पाच घरी काम करते. कार्ड नाही तर गेट नाही, गेट नाही तर पाचही घरं गेली. सेक्रेटरींना गाठलं. म्हणाले, "आंटीजी, मैं समझता हूँ. लेकिन एक बार नाम आ गया तो लोग डरते हैं. महीने की मीटिंग में रखेंगे."

एकदा नाव आलं की आलं. मला चावडीवरची ती बाळंतीण दिसली.

वर जाऊन मी जावयांना म्हणलं, "निखिलराव, तुम्ही मीटिंगमध्ये उभं राहून सांगा, ठुशी आमच्या तांदळात होती." ते माझ्याशी कधी आवाज चढवत नाहीत, तेव्हाही चढवला नाही. "आई, तुम्ही परवा जाणार. आम्हाला इथेच राहायचंय. लोक हसतील आम्हाला."

"हसू देत ना! हसण्यानं कोणाच्या गळ्यातलं कार्ड जात नाही."

स्वाती लॅपटॉप घेऊन आत गेली. दुसऱ्या दिवशी टीमचे लोक आले, मी पुलाव केला. दुसरा कशाचा करणार, त्या डब्यातलेच तांदूळ होते.

परतीचा प्रवास नीट झाला. कोणी दर्शनाला आलं नाही, कारण मुखवटे गाझियाबादला राहिले. तुम्ही दिल्लीला जाल तर मेट्रोनं फिरा, जिलबी खा, सदनात जेवा, कोतवालीच्या जागी दोन मिनिटं उभ्या राहा. आणि लेकीच्या सोसायटीत गेलात तर मोठ्या गेटनं जाऊ नका. छोट्या गेटच्या रांगेत उभ्या राहा, पिशवी उघडा, डब्याचं झाकण काढा. मग मला सांगा कसं वाटतं.

घरी आल्यावर भाऊ भेटायला आला तर त्याला म्हणलं, "आजोबा हजेरी घ्यायचे, त्यात एकदा तरी कोणी चोर निघाला का रे?" तो म्हणाला, "कशाला उकरून काढतेस? आता ती पालंही नाहीत." पालं नाहीत, रांग आहे. ती आता काचेच्या बिल्डिंगांखाली उभी असते, एवढंच.

स्वाती, हे तू वाचणार, मला माहीत आहे. काल फोनवर विचारलंस, "आई, ठुशी तुझ्या पिशवीत गेली का गं चुकून?" चुकून नाही गेली. मुद्देमाल आहे तो, माझ्याकडे जमा आहे. तुमची कमिटी देखेगी, तशी मीही देखेगी.

या रविवारी सकाळी तुमची मीटिंग आहे. तू उभी राहा, नवऱ्याला वाटलं तर तोही राहील. हिंदीत सांग, मराठीत सांग, पण स्वतःच्या तोंडानं सांग, ठुशी कुठे होती आणि कोणी पाडली. फोटो तू स्वतःच्या हातानं काढ. कार्ड सेक्रेटरीनं सगळ्यांपुढे द्यायचं. आणि मला तुझा फोन नको, जावयांचा नको, त्या मऊ आवाजवाल्याचा तर नकोच. रविवारी दिवे लागायच्या आत सरोजचा फोन आला पाहिजे, की आंटी, मी गेटमधून आत आले. नाही आला तर का नाही आला, याचं उत्तर घेऊन तू बस. मी सोमवारच्या गाडीनं येते.